दुसऱ्या वर्षीचा स्कॅन

छातीचा फोटो साफ आला की माणूस हायसं वाटून घराकडे वळतो. पाटण तालुक्यातल्या वाडीवर ‘फोटो साफ हाय’ एवढं वाक्य पुढची कित्येक वर्षं पुरतं. पुन्हा तपासायला चला म्हटलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘मला काय धाड भरलीया?’ या उत्तरात उद्धटपणा नाही. आजार झाला की दवाखाना आणि बरं वाटलं की काम, हा हिशेब अंगमेहनतीवर जगणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून बसवलेला आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाची नियमित तपासणी नेमकी याच हिशेबाच्या आड येते. काही होत नसताना या आणि निकाल चांगला आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा या, असं ती सांगते.

जो परत येत नाही त्याला बेफिकीर ठरवून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. तपासणीला परत येणं हा रुग्णाच्या स्वभावाचा भाग कमी आणि त्याला बोलावणाऱ्या व्यवस्थेचा भाग जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे. त्याचा पुरावा परदेशात आहे, तसा बार्शीत, धाराशिवात आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही आहे.

एक्स-रे आणि स्कॅन

आधी तपासणी कोणती ते स्पष्ट करायला हवं, कारण पहिला घोटाळा इथेच होतो. गावाकडे ज्याला ‘फोटो’ म्हणतात तो एक्स-रे. क्षयरोग शोधायला तो उपयोगी आहेच. पण बरगड्या, हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या सावल्या एकमेकींवर पडत असल्यामुळे लहान गाठ त्यात लपून राहते. दिसेपर्यंत ती बऱ्याचदा मोठी झालेली असते. अमेरिकेत दीड लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला: दरवर्षी एक्स-रे काढत राहिल्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत.

त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीचा निकाल आला. भरपूर सिगारेट ओढलेल्या ५५ ते ७४ वयाच्या ५३,४५४ लोकांचे तिने दोन गट केले. एका गटाचा तीन वर्षं दरवर्षी एक्स-रे काढला, दुसऱ्याचा कमी किरणांचा सीटी स्कॅन. स्कॅनच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी झाले. २०२० साली नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीत पुरुषांमधली घट दहा वर्षांत चोवीस टक्के भरली. स्कॅनला सुई टोचावी लागत नाही, औषध प्यावं लागत नाही. टेबलावर झोपायचं, श्वास काही सेकंद रोखायचा आणि उठायचं. निसर्गातून माणसाला वर्षभरात जेवढा किरणोत्सर्ग मिळतो, त्याच्या साधारण निम्माच या स्कॅनमधून मिळतो.

हा स्कॅन सगळ्यांसाठी नाही. अमेरिकेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार तो ५० ते ८० वयाच्या, किमान वीस ‘पॅक-वर्षं’ धूम्रपान केलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा सोडून पंधरा वर्षं न झालेल्या माणसांसाठी आहे. रोज वीस सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक पॅक-वर्ष होतं. हे माप सिगारेटचं आहे आणि आपल्याकडे बिडी आहे. बिडीत तंबाखू कमी असतो, पण ती विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि खोल घ्यावे लागतात. म्हणून ‘मी नुसती बिडीच वढतो’ हा दिलासा पोकळ आहे. तीस-पस्तीस वर्षं रोज बंडल संपवणारा माणूस मोजमापाच्या घोळामुळे बाहेर राहू नये.

भारतात या स्कॅनचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. तीस वर्षांवरच्या लोकांसाठी सरकारी कार्यक्रमात तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पाच वर्षांतून एकदा तपासणी आहे, फुप्फुसाची नाही. यामागे कारण आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते, तर खाण्याचा किंवा मिसरीसारखा लावण्याचा तंबाखू वापरणारे चोवीस टक्क्यांच्या आसपास. या राज्यात तोंड तपासणं अधिक लोकांच्या उपयोगाचं आहे, हे मान्यच. तरीही देशात वर्षाला फुप्फुसाच्या कर्करोगाचे ऐंशी हजारांवर नवे रुग्ण सापडतात आणि मृत्यूंचा आकडा त्याच्या फार मागे नाही. हे दोन आकडे इतके जवळ आहेत, कारण बहुतेकांना रोग कळतो तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. चार टक्क्यांतले जे वयस्क, जुने बिडी ओढणारे आहेत, त्यांच्यासाठी ही तपासणी आज डॉक्टरच्या सल्ल्याने, ज्याच्या-त्याच्यापुरती होते. तिचा नियमितपणा सांभाळणारं कुणी नसतं.

सहा मिलिमीटरची गाठ

एकदा तपासून भागत नाही का? काही रोगांत भागतं. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून एक मोठी चाचणी झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजार स्त्रियांना त्यात घेतलं. २००९ साली निष्कर्ष आला: ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एका खेपेत एवढं साधलं, कारण तो रोग विषाणूच्या संसर्गापासून कर्करोगापर्यंत पोचायला दहा-पंधरा वर्षं घेतो. त्या लांब वाटेवर कुठेही गाठला तरी तो हाती लागतो.

फुप्फुस एवढी सवड देत नाही. आज स्कॅनमध्ये काहीही न दिसणाऱ्या छातीत पुढच्या वर्षी गाठ दिसू शकते, म्हणून वर्षाचं अंतर. याहून मोठं कारण मात्र गाठ दिसल्यावर कळतं.

स्कॅनमध्ये सहा मिलिमीटरची, ज्वारीच्या दाण्याहून जराशी मोठी गाठ दिसली असं धरा. ती काय आहे? कर्करोग असेल, तशीच लहानपणी कधीतरी येऊन गेलेल्या क्षयाची भरलेली खूणही असेल. अमेरिकेच्या त्या चाचणीत दर चार स्कॅनमागे एकात काहीतरी शंकास्पद दिसलं होतं, आणि त्यातल्या शंभरपैकी शहाण्णव वेळा तो कर्करोग नव्हता. क्षय ज्या देशात अजून घरोघर माहीत आहे, तिथे अशा खुणा जास्त असणार. एवढ्या लहान गाठीत सुई घालून तुकडा काढणं अवघड आणि धोक्याचं. ती ओळखण्याचं सगळ्यात स्वस्त आणि निर्धोक साधन म्हणजे वेळ. भरलेली खूण वर्षानुवर्षं तशीच राहते. कर्करोग वाढतो.

वाढ म्हणजे किती, तेही पाहा. सहाची गाठ आठ मिलिमीटर झाली तर कागदावर दोनच मिलिमीटर वाढले. पण गाठ गोल असते. तिचा व्यास सहावरून आठ झाला की घनफळ सव्वादोन पटींहून जास्त होतं. पहिल्या स्कॅनला हे सांगता येत नाही, दुसराच सांगतो, आणि तोही पहिला शेजारी ठेवला तरच. म्हणून अहवाल साफ असेल तर बारा महिन्यांनी, बहुधा निरुपद्रवी वाटणारी गाठ असेल तर सहा महिन्यांनी आणि अधिक शंका असेल तर तीन महिन्यांनी बोलावतात. रुग्णाला ही ‘तारखेवर तारीख’ वाटते. खरं तर निदान त्या दोन तारखांच्या मधल्या अंतरात होत असतं. सहा महिन्यांनी या असं सांगितलेला माणूस आला नाही तर त्याची एक फेरी चुकली असं म्हणून भागत नाही. त्याचं निदानच झालेलं नसतं.

एवढी गोष्ट त्याला कुणी समजावून सांगितलेली असते का? अहवाल इंग्रजीत असतो, खाली बारीक अक्षरात शिफारस असते आणि पाकीट हातात देणारा ‘काही विशेष नाही’ म्हणतो. मग ते पाकीट दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत जातं आणि पिशवी खुंटीला. पावसात भिंतीला ओल येते, फिल्म एकमेकींना चिकटतात, सीडीवर बुरशी धरते. पुढच्या खेपेला दुसऱ्याच केंद्रात गेलं की तिथला डॉक्टर नव्याने पहिला स्कॅन बघतो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. हातात जुना स्कॅन नसलेला रुग्ण परत येऊनही अर्धाच परत आलेला असतो. ‘आबा, मागच्या खेपंचा फोटो संगं आनलाय नव्हं?’ हा प्रश्न निघण्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी विचारायला हवा.

गळती कुठे होते

अमेरिकेच्या चाचणीत दरवर्षीच्या स्कॅनला जवळजवळ पंचाण्णव टक्के लोक आले. चाचणी संपली, शिफारस झाली, स्कॅन रोजच्या व्यवहारात आला, आणि दहा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहिल्यावर वर्षभरात वेळेवर परत येणारे जेमतेम बावीस टक्के भरले. स्कॅन तोच, रोग तोच. चाचणीत फोन करणारी, तारीख ठरवणारी, न आलेल्याचा माग काढणारी माणसं पगारावर होती. बाहेर ती नव्हती. पंचाण्णव आणि बावीस यांमधल्या फरकाची जबाबदारी मी रुग्णावर टाकायला तयार नाही.

गळती तीन जागी होते आणि प्रत्येक जागेचं कारण वेगळं. साफ अहवालानंतर माणूस निर्धास्त होतो म्हणून येत नाही. शंकास्पद अहवालानंतर तो घाबरतो. ‘काय निघालं तर?’ या भीतीने तारीख टळते, कधी घरचेच ‘म्हाताऱ्याला कशाला सांगायचं’ म्हणून लपवतात. तिसरी गळती सुई घालून तपासणी आणि उपचार यांच्या टप्प्यावर होते. तिथे पैसा, सोबत आणि मुक्काम आडवे येतात. निर्धास्ताला आठवण करून दिली की पुरतं. घाबरलेल्याला ओळखीचं माणूस लागतं, आणि तिसऱ्याला गाडीभाडं, राहायची सोय, महात्मा फुले योजनेचे कागद भरून देणारा हात. सगळ्यांना एकच एसएमएस पाठवून हे साधत नाही.

बार्शी आणि मुंबई

१९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात रुग्णालयांतून आकडे गोळा करता येतात. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत रुग्ण रुग्णालयात पोचतच नव्हता, तर आकडा कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले, लोकांना भेटू लागले, लक्षणं सांगू लागले आणि शंका असलेल्याला स्वतः दवाखान्यात घेऊन येऊ लागले. काही वर्षांत दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्यापेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. त्यांना नवं यंत्र मिळालं नव्हतं. ओळखीचं माणूस ठरावीक काळाने दारात येत होतं.

मुंबईचा पुरावा याहून थेट आहे. १९९८ पासून टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांतल्या सुमारे पंचाहत्तर हजार स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, गर्भाशयमुख आणि स्तन यांची तपासणी केली. ती डॉक्टरांनी केली नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्तींनी केली. तपासणीला ८९ टक्के स्त्रिया आल्या. शंका आलेल्यांपैकी पुढच्या निदानासाठी सुमारे ७९ टक्के पोचल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातला एक आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. कर्करोग निघाल्यावर उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण या गटात ८६ टक्के होतं, तर ज्या वस्त्यांत फक्त आरोग्यशिक्षण दिलं होतं तिथे ७२ टक्के. शहर एकच, गरिबी सारखीच, रोग एकच. चौदा टक्क्यांचा फरक दारात येणाऱ्या बाईने पाडला.

ज्यांना आपण अडाणी आणि बेफिकीर म्हणतो, त्याच महाराष्ट्रातल्या या बायका.

पाटणात

आता पाटण. कोयना, मोरणा, वांग, तारळी अशा नद्यांची खोरी, त्यांत विखुरलेल्या वाड्या, आणि स्कॅनसाठी कराड नाहीतर सातारा. पाटणहून कराड तीस-पस्तीस किलोमीटर, पण ढेबेवाडी किंवा मोरगिरीच्या वरच्या अंगाच्या वाडीवरून आधी वडाप गाठायचं, मग एसटी. स्कॅन फुकट मिळाला तरी तो दिवस फुकट नसतो: दोघांची मजुरी, भाडं, दुपारचं जेवण. जून ते सप्टेंबर तर निघणंच जोखमीचं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. जानेवारीत स्कॅन झालेल्याला ‘सहा महिन्यांनी या’ असं सांगणारा डॉक्टर त्याला भातलावणीच्या, कोसळत्या पावसाच्या तोंडावर बोलावत असतो. सहा महिने म्हणजे मेचा शेवट चालेल का, हे रेडिओलॉजिस्टला विचारून तारीख ठरवता येते. असं कधी ठरवलं जात नाही, कारण तारीख कराडात लिहिली जाते आणि पाऊस पाटणात पडतो.

दुसरी अडचण मुंबईची. या तालुक्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत बंदरात, गोदामात, बाजारात ओझी वाहत आले. माथाडी कामगारांना कायद्याचं संरक्षण मिळवून देणारे अण्णासाहेब पाटील मंद्रुळकोळ्याचे, म्हणजे याच तालुक्यातले. अशा माणसाची दोन घरं असतात आणि आरोग्याच्या नोंदवहीत एकच पत्ता. आशाताई वाडीवर विचारायला जाते तेव्हा तो मुंबईत असतो, मुंबईतली कार्यकर्ती जाते तेव्हा तो गावी. पण गावच्या यात्रेला तो येतोच. काही झालं तरी रजा काढून येतो. वर्षाच्या स्कॅनला यात्रेनंतरच्या आठवड्याइतका चांगला मुहूर्त नाही: माणूस गावात, मुलं घरी, सोबतीला कुणीतरी मोकळं. १९६९ च्या कायद्याने माथाडी मंडळांकडे नोंदीत कामगारांच्या याद्या आहेत. पन्नाशी ओलांडलेला बिडी ओढणारा कामगार कुठे आहे, हे त्या याद्यांवरून शोधता येईल. त्यासाठी वेगळं खातं उघडायची गरज नाही.

नोंदीची वहीही नव्याने शोधायला नको. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जोखीम-तक्ता आशाताई भरते. त्यात तंबाखू, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीतून रक्त, दम लागणं, चूल कशावर पेटते, कामावर धूर-धूळ आहे का, हे सगळे प्रश्न आधीच आहेत. फुप्फुसाच्या जोखमीची निम्मी माहिती आरोग्य मंदिराच्या कपाटात पडून आहे. कमी आहे तो एक रकाना: किती वर्षं, रोज किती बिड्या. आणि त्याच्या शेजारी पुढची तारीख.

क्षयरोगाच्या कामाने आपल्याला एक शिस्त शिकवली आहे. मद्रासला १९५६ पासून झालेल्या अभ्यासाने दाखवलं की घरी राहूनही क्षयरोगी सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. त्याआधी आपल्या भागातून छातीच्या रोग्याला मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमची वाट धरावी लागत असे. उपचार घरी आला, तसं त्याच्यासोबत कार्ड आलं, औषध देणारं ठरलेलं माणूस आलं, आणि डोस चुकला की घरी जायचं हा नियम आला. डोस चुकलेल्या क्षयरोग्याला आपण शोधायला जातो. स्कॅन चुकलेल्याला शोधायला कुणी जात नाही. दोघांसाठी एकच कार्यकर्ती, एकच वही पुरेल, कारण बिडी ओढणाऱ्या खोकणाऱ्या माणसाच्या छातीत दोन्हींपैकी काहीही असू शकतं. इथे एक इशारा द्यायलाच हवा: थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नसताना क्षयाची गोळी सुरू झाली आणि महिनाभरात उतार पडला नाही, तर फुप्फुसाच्या डॉक्टरला दाखवलंच पाहिजे. या वाटेवर कर्करोगाचे कित्येक महिने वाया जातात. आणि ज्याच्या थुंकीतून रक्त पडतंय त्याने वार्षिक तारखेची वाट पाहायची नाही. वार्षिक तपासणी निरोग्यासाठी असते, रक्त पडणाऱ्याने त्याच दिवशी डॉक्टरकडे निघायचं.

चुलीपुढे आयुष्य गेलेल्या, मिसरी लावणाऱ्या मामीचं काय? धुराने फुप्फुसाचा धोका वाढतो हे खरं, पण ज्यांनी कधी बिडी ओढली नाही त्यांना दरवर्षी स्कॅन करावा असा पुरावा आज हाती नाही. तिचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासलं गेलं पाहिजे, आणि ते गावातच होऊ शकतं. नको त्याला स्कॅन सांगितला की नको त्या गाठी सापडतात, घर कर्जात जातं आणि तपासणीवरचा सगळ्या वाडीचा विश्वास उडतो.

बिडी सोडवणं याच भेटीत झालं पाहिजे. स्कॅनच्या टेबलावरून उठलेला माणूस त्या क्षणी ऐकायच्या मनःस्थितीत असतो. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत क्रमांक त्याच्या पाकिटावर लिहून द्यावा. साफ अहवाल म्हणजे बिडीला परवाना, असा अर्थ त्याने घरी नेऊ नये.

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणीची तत्त्वं मांडली. रोग शोधणं ही एकदाच उरकायची मोहीम नसून अखंड चालणारी प्रक्रिया असावी, हे त्यातलं शेवटचं तत्त्व. आपल्याकडे शिबिरं भरतात. मंडप पडतो, स्कॅन होतात, फोटो छापून येतात, आणि पुढच्या वर्षी मंडप दुसऱ्या तालुक्यात असतो. शिबिराने पहिला स्कॅन करून दुसऱ्याची जबाबदारी कुणावरच ठेवली नाही, तर सहा मिलिमीटरची गाठ सांगून माणसाला वर्षभर धास्तीत ठेवण्यापलीकडे त्याने काही केलं नाही. शिबिर भरवणाऱ्याने आधी वही दाखवावी: प्रत्येक नावापुढे गावचा आणि मुंबईचा असे दोन फोन, घरातल्या एका सुनेचं किंवा मुलाचं नाव, जुनी सीडी कुणाकडे आहे ते, यात्रा कोणत्या महिन्यात, पुढची तारीख, आणि त्या तारखेला माणूस आला नाही तर आठव्या दिवशी त्याच्या दारात कोण जाणार, त्या आशाताईचं नाव.